चार घरांची कर्द

कुवेतमध्ये शुक्रवारी सकाळी अल्-राईच्या जुन्या बाजारात, म्हणजे सूक अल्-जुमात, फिरायचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. तिथे पितळी कॉफीदाण्या आणि बंद पडलेले रेडिओ यांच्या ढिगाखाली मला ती सापडली. वीतभर पाते, पिवळट मूठ, म्यान नाही. विक्रेता ‘खंजर, खंजर’ म्हणत होता. पण खंजराचे पाते वाकडे आणि दुधारी असते, मधून कणा गेलेला असतो. हे पाते सरळ होते, धार एकाच बाजूला, पाठ जाड, आणि मूठ व पाते यांच्यामध्ये आडवी पट्टी नव्हती. ती कर्द होती. फारसीत कर्द म्हणजे सुरी. इराणात आणि मोगल हिंदुस्थानात लोक ती कमरबंदात खोचत, आणि तिचे म्यान अर्धी मूठसुद्धा गिळून टाकत असे.

हिंदी वळणाची वस्तू इथे मिळणे नवलाचे नाही. कुवेतची लाकडी गलबते खजूर घेऊन मुंबईला येत, जाताना मलबारचा साग नेत. १९६१ साली दिनार येईपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालत असे.

पण मला सांगायचे आहे ते मुठीविषयी. पाते बदलता येते, घासून नवे करता येते. मूठ सहसा खोटे बोलत नाही. कर्दीचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग जाते आणि दोन्ही अंगांना हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. मूठ कडेने पाहिली की दोन फळ्यांमध्ये पोलादाची काळी रेघ दिसते. पुष्कळ हिंदी खंजरांत मात्र पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या पोकळीत लाखेने बसवलेली असते. आता हाड की हस्तिदंत? भिंग लावा. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि रेषा दिसतात, ती रक्तवाहिन्यांची भोके. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात. माझ्या मुठीवर ठिपके होते. मला हायसे वाटले, कारण हस्तिदंत देशाबाहेर नेताना कायदा आडवा येतो, आणि यावा हेच बरोबर आहे.

साफसफाईबद्दल मी आज जो आग्रह धरतो, तो एका चुकीतून आला आहे. पूर्वी पेशकब्ज जातीचा एक सुरा मी घरी आणून पॉलिश पेपरने आरशासारखा घासला होता. आमच्याकडे देवाची भांडी चिंचेने लखलखीत करायची पद्धत, तोच हात मी पोलादावर चालवला. नंतर भिंगातून पाहिले तर पात्याच्या मुळाशी उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी होती आणि तिच्या एका कोपऱ्यात केसाएवढी सोन्याची तार उरली होती. ते कोफ्तगारीचे काम होते. पोलादावर आधी अशी जाळी कोरतात आणि त्या खरबरीत पृष्ठावर सोन्याची तार ठोकून बसवतात. तहनिशानसारखे खोल खोबणीत बसवलेले सोने टिकते, कोफ्तगारीचे मात्र वरच्या वर असते. उरलेले सोने मी स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते. त्याची चुटपुट अजून जात नाही.

म्हणून कर्दीला घाई केली नाही. लाल गंज पोलाद खात जातो, तो काढायचा. काळपट थर बसलेला असतो, तो राहू द्यायचा. पात्याला शिवणयंत्राचे तेल लावून आठवडाभर ठेवले, मुठीला तेलाचे बोटही लागू दिले नाही, कारण हाड तेल पिते आणि डागाळते. मग तांब्याच्या नाण्याच्या कडेने गंज हळूहळू उचलला. तांबे पोलादाहून मऊ, ओरखडा उठत नाही. शेवटी स्पिरिटने पुसून मेणाचा पातळ हात दिला. संग्रहालयांत वापरतात ते हे मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झाले.

गंज उचलायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी त्याखालून एक चौकट वर आली. चार घरे, प्रत्येकात एक आकडा. मला वाटले, साल असेल. इथल्या भाजीबाजारातले अरबी आकडे वाचायची सवय होती, म्हणून जुळवून पाहिले: २, ४, ६, ८. हा ‘बुदूह’. अरबी अक्षरांना संख्या असतात. बे म्हणजे २, दाल ४, वाव ६, हे ८. हा मंत्र रक्षणासाठी इराणी आणि हिंदी पात्यांवर कोरत. सालाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि जुन्या बाजारात कोणी हे आकडे साल म्हणून दाखवले तर दाम वाढवून देऊ नका.

पुढे अशीच जुनी शस्त्रे पाहायला मी जाब्रियातल्या तारेक रजब संग्रहालयात गेलो. एका घराच्या तळघरातला हा संग्रह १९९० च्या इराकी आक्रमणात वाचला तो प्रवेशद्वाराला भिंत घातल्यामुळे. राष्ट्रीय संग्रहालय मात्र जाळले गेले. तिथला अल्-सबाह संग्रह बगदादला नेला होता, तो १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली परत आला. जहांगीरकालीन रत्नजडित खंजीर याच संग्रहातला. मूठ आणि म्यान मिळून दोन हजारांहून अधिक रत्ने कुंदनात बसवलेली आहेत. शुद्ध सोन्याचा पत्रा न तापवता, नुसत्या दाबाने एकजीव करायची ही हिंदी कारागिरी. माझ्या साध्या हाडाच्या मुठीची त्या मुठीशी बरोबरी नाही, पण दोन्ही कमरेलाच खोचल्या जात.

इथल्या लोकांना एक विनंती. लाखेने जोडलेली मूठ उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. २०१६ साली कुवेतमधल्या मित्रिबाला ५३.९ अंश तापमान नोंदले गेले होते. बंद गाडीत त्याहूनही जास्त होते आणि लाख मऊ पडून पाते हलू लागते. वातानुकूलित खोलीच्या कोरड्या हवेत हाडाला चिरा जातात, म्हणून थंड झोताखालीही नको. भारतात नेताना नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र कायदा लागू शकतो, तेवढी चौकशी आधी करा.

आणि गावच्या घरात माळ्यावर एखादी कट्यार, बिचवा किंवा सुरा कापडात गुंडाळून पडला असेल, तर पुसण्याआधी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा. मुठीचा कडेने एक नक्की काढा.