दळवी सरांचे ठाणे

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतचा तास-दीड तास काही केल्या सरत नाही. स्वयंपाकघरात भज्यांची तयारी चाललेली असते आणि पहिला रोजा धरलेली मुले घड्याळाकडे बघत बसतात. या वेळात मी घरातल्या मुलांना घेऊन कल्याणच्या काळ्या तलावावर फिरायला जातो. काठावर काळ्या दगडाची जुनी मशीद आहे, तिला काळी मशीद असेच म्हणतात. त्याच परिसरात मातबरखानाची कबर. खान कल्याणच्याच नवाइत घराण्यातला. १६८९ मध्ये मोगलांच्या वतीने त्याने कल्याण घेतले. मागच्या रमजानमध्ये हे सगळे सांगितल्यावर धाकट्याने विचारले, "चाचा, एवढं जुनं आहे तर तिकीट का नाही?"

त्याच्या प्रश्नाने मला प्राचार्य डॉ. दाऊद दळवी सरांची आठवण झाली. सर ठाण्याच्या ज्ञानसाधना महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ठाणेकर त्यांना ओळखतात ते 'असे घडले ठाणे' या पुस्तकामुळे. दळवी हे आडनाव कोकणात हिंदूंचेही आहे आणि मुसलमानांचेही. त्यामुळे नुसते आडनाव ऐकून माणूस कोणत्या धर्माचा ते कळत नाही, आणि सरांच्या लिखाणातूनही ते कळत नाही. शिलाहारांचे ठाणे, पोर्तुगिजांचे ठाणे, मराठ्यांचे ठाणे, सगळेच त्यांच्या जिव्हाळ्याचे. कोकण इतिहास परिषद उभी करण्यात ते पुढे होते. परिषदेची अधिवेशने कोकणातल्या वेगवेगळ्या गावी होतात आणि तिथे मोठ्या विद्वानांच्या बरोबरीने गावातला शिक्षकही आपल्या वेशीवरच्या शिळेबद्दल बोलतो. परिषदेतले त्यांचे सहकारी सदाशिव टेटविलकर यांनी तर वीरगळांवर पुस्तकच लिहिले. कित्येक गावांत याच वीरगळांवर धुणी धुतली जात होती.

ठाण्यात पाहण्यासारखे काय आहे, असे लोक विचारतात. अल्बेरुनीने ठाण्याला कोकणची राजधानी म्हटले आहे, हे किती ठाणेकरांना माहीत असेल? १६ एप्रिल १८५३ ची पहिली रेल्वे बोरीबंदरहून आली ती इथेच. स्टेशनातून बाहेर पडून मासुंदा तलावाकडे चालत गेलात की कौपिनेश्वराचे मंदिर आहे. पुढे टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायलींचे १८७९ चे सिनेगॉग आहे. जुने चर्चही याच भागात. एका सकाळी, रोजा असतानाही, एवढे पायी सहज होते. फार तर घसा कोरडा पडेल.

किल्ल्याची गोष्ट मात्र वेगळी. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. पेशव्यांचा त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. किल्ला आतून पाहायचा तर गुन्हा करावा लागेल, असा विनोद ठाण्यात चालतो. पण माणसे पाहायला येऊ शकत नाहीत म्हणून किल्ल्याची आठवणही पुसत चालली आहे, यात विनोदासारखे काही नाही.

पर्यटन आले की सगळे वाचते असेही नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात १०६० सालचा शिलालेख आहे. माणसांची तिथे वर्दळ असते, तरी शेजारून वाहणाऱ्या वालधुनीची दशा काय आहे ते तिथे जाऊन नाकानेच कळते. आणि दोष फक्त सरकारचा नाही. एका जुन्या दर्ग्यात, नाव सांगत नाही, दारावरच्या फार्सी लेखावर आपल्याच माणसांनी हिरवा ऑइलपेंट लावलेला मी पाहिला आहे. उर्साच्या आधी झळाळी यावी म्हणून. वाईट कुणाच्या मनात नव्हते, पण तो लेख आता कुणालाच वाचता येणार नाही. कुणी बाहेरगावचा माणूस तो लेख बघायला आधी आला असता, तर रंगवणाऱ्याचा हात कदाचित थबकला असता. माझ्या मते अशा भेटींचा खरा उपयोग हाच. पैसा नंतर येतो. आधी गावाला कळते की आपल्या दारातला दगड बघायला लोक येतात.

कुरआनात जमिनीवर फिरून पूर्वीच्या लोकांच्या खुणा पाहण्याचा उपदेश पुन्हा पुन्हा येतो. आपण मात्र फिरायला म्हणजे महाबळेश्वर नाही तर दुबई. १८६५ मध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी कल्याणच्याच, दुर्गाडीखालच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली. तिथे मुलांना घेऊन जायला रिक्षाचे भाडे पुरते.

दळवी सर आता नाहीत. त्यांचे पुस्तक मी मुलांसाठी काढून ठेवले आहे. ईदनंतरच्या रविवारी ठाण्याला जायचे ठरले आहे: स्टेशन, मासुंदा, कौपिनेश्वर, सिनेगॉग आणि तुरुंगाची भिंत बाहेरूनच. धाकट्याने त्याचा प्रश्न अजून सोडलेला नाही. तिकीट कुठे मिळते ते तो तिथे स्वतःच विचारणार आहे.