उसाची ट्रॉली डुलतेय? आधी टायरवरचे आकडे वाचा

गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली मागे डुलताना दिसते. दरवेळी दोष चालकाचाच नसतो. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा त्याची बाजू वजनाच्या मानाने लेची असेल, तर टायर आडवा दबतो आणि ट्रॉली झोकांड्या खाते.

म्हणून टायरवरचा लोड इंडेक्स बघाच. १२१ म्हणजे एका टायरला कमाल १,४५० किलो. चार टायरना ५,८०० किलो, तेही ट्रॉलीच्या स्वतःच्या वजनासकट आणि हवा पुरेशी असेल तरच! जुना टायर स्वस्तात मिळत असेल तर चार अंकी शिक्का शोधा. २३१६ म्हणजे २०१६ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. एकाच एक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळू नका. दोनचाकी ट्रॉलीत ऊस मागच्या टोकाला जास्त भरला, तर मात्र नवा टायरही कामाला येत नाही.