लाल मातीचे मानकरी (लेखांक ६) : आड्रियानो पनात्ताचं १९७६ साल

गेल्या आठवड्यात ब्यॉर्न बोर्गच्या पॅरिसवरच्या हुकमतीची गोष्ट झाली. फ्रेंच ओपनमध्ये तो ५१ सामने खेळला, त्यातले ४९ जिंकला आणि सहा वेळा विजेता ठरला. उरलेले दोन सामने, १९७३ सालचा चौथ्या फेरीतला आणि १९७६ सालचा उपांत्यपूर्व फेरीतला, तो एकाच खेळाडूकडून हरला. तो खेळाडू म्हणजे इटलीचा आड्रियानो पनात्ता.

पनात्ता जन्मला रोममध्ये, ९ जुलै १९५० रोजी. वडील आशेन्झिओ तिथल्या पारिओली टेनिस क्लबची देखभाल करायचे, त्यामुळे लाल मातीवर पोराचा वावर चालता येऊ लागल्यापासूनचा. १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षं फ्रेंच स्पर्धा जिंकणारा निकोला पिएत्रांजेली तेव्हा इटलीच्या टेनिसचा राजा होता. देखभाल करणाऱ्याच्या या मुलाला तो बापाच्या नावावरून लाडानं हाक मारायचा. १९७० मध्ये बोलोन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढतीत याच मुलानं त्याला हरवलं.

मातीवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो. जोरदार फटकासुद्धा प्रतिस्पर्ध्याला गाठायला वेळ मिळतो. म्हणून मातीवरचे बहुतेक मोठे खेळाडू बेसलाइनच्या मागे ठाण मांडतात आणि समोरच्याची चूक होईपर्यंत चेंडू परतवत राहतात. बोर्ग या पद्धतीचा सर्वांत पक्का पुजारी. पनात्ताचा जीव मात्र नेटपाशी रमायचा. चांगली सर्व्हिस करायची, पाठोपाठ पुढे धावायचं, व्हॉलीवर गुण संपवायचा. मागे खिळलेल्या बोर्गला ड्रॉप शॉट टाकून पुढे खेचायचं आणि त्याला एकाच लयीत चार फटके मारू द्यायचे नाहीत. हा खेळ हातातल्या नजाकतीवर चालतो. ती साथ देईल त्या दिवशी बोर्गही हतबल, नाही तर जगाच्या यादीत कुठेतरी खाली असलेला माणूसही भारी पडणार. पनात्ताची कारकीर्द अशी वरखाली का झाली, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

१९७६ च्या मे महिन्यात रोमच्या स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत बाहेर पडत होता. ऑस्ट्रेलियाच्या किम वॉर्विकला विजयासाठी एक गुण हवा होता आणि तशी संधी त्याला ११ वेळा मिळाली. अकराही वेळा पनात्ता वाचला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेचा हॅरोल्ड सॉलोमन तिसऱ्या सेटमध्ये ५-४ असा पुढे असताना पंचांच्या एका निर्णयावर चिडून कोर्ट सोडून गेला. घरच्या प्रेक्षकांचा कलकलाट आणि नशीब, दोन्ही पनात्ताच्या बाजूनं होतं हे खरं. पण अंतिम लढतीत गियेर्मो विलासला २-६, ७-६, ६-२, ७-६ असं हरवलं ते निव्वळ खेळाच्या बळावर.

पॅरिसमध्ये पुन्हा तोच प्रकार. पहिल्या फेरीत चेकोस्लोव्हाकियाच्या पावेल हुत्काविरुद्ध मॅच पॉइंट पडला, तेव्हा पनात्तानं अक्षरशः झेप घेऊन व्हॉली मारली आणि पाचवा सेट १२-१० असा खेचून आणला. दोन वेळचा गतविजेता बोर्ग ६-३, ६-३, २-६, ७-६ असा गारद झाला. अंतिम फेरीत समोर आला तोच सॉलोमन! या वेळी तो शेवटपर्यंत झुंजला आणि चौथ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये हरला.

त्या वर्षातली सर्वांत अवघड लढाई मात्र कोर्टाबाहेरची होती. डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत इटलीची गाठ चिलीशी पडली आणि सामने सांतियागोत व्हायचे होते. १९७३ मध्ये लष्करी बंड करून पिनोशेनं तिथली सत्ता बळकावली होती. ज्या राष्ट्रीय स्टेडियमच्या आवारात सामने ठरले, तिथेच बंडानंतर हजारो राजकीय कैदी डांबले होते. सोव्हिएत संघानं उपांत्य फेरीत चिलीशी खेळायला नकार दिला, म्हणून तर चिली अंतिम फेरीत पोहोचला होता. इटलीतही ‘जाऊ नका’ म्हणत मोर्चे निघाले. संघाचा कर्णधार पिएत्रांजेली जाण्याच्या बाजूनं हिरिरीनं भांडला आणि अखेर संघ गेला.

मराठी वाचकाला इथे १९७४ आठवावं. त्या वर्षी पुण्यात सोव्हिएत संघाला ३-१ असं हरवून भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार देऊन त्यानं करंडकावर पाणी सोडलं. त्याच दक्षिण आफ्रिकेकडून उपांत्य फेरीत, जोहान्सबर्गला जाऊन हरलेला संघ इटलीचा होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन उमेदीत असताना भारतानं सोडलेली ती संधी मोठी होती, आणि म्हणूनच तो नकारही मोठा होता. त्या मापानं पाहिलं तर इटलीचा निर्णय थिटा वाटतो.

तरी पनात्ता तिथे गप्प राहिला नाही. १८ डिसेंबरच्या दुहेरी सामन्यात तो आणि पाओलो बेर्तोलुच्ची नेहमीच्या निळ्याऐवजी लाल शर्ट घालून उतरले. पिनोशेच्या राजवटीत चिरडल्या गेलेल्या डाव्यांचा हा रंग. कल्पना पनात्ताची होती. बेर्तोलुच्ची आधी बिचकला, मग तयार झाला. इटलीत तेव्हा नियमित रंगीत दूरचित्रवाणी सुरू झालेली नव्हती, त्यामुळे घरी बसलेल्यांना तो लाल रंग दिसलाच नाही. इटलीनं ४-१ असा विजय मिळवत पहिल्यांदाच करंडक जिंकला. शर्टांची गोष्ट सर्वदूर पोहोचायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली.

त्यानंतर पनात्ताला ग्रँड स्लॅमच्या एकेरीची अंतिम फेरी पुन्हा गाठता आली नाही. १९७८ मध्ये रोमच्या अंतिम फेरीत बोर्गनं त्याला पाच सेटमध्ये हरवून उट्टं काढलं. डेव्हिस कपच्या आणखी तीन अंतिम लढती इटली हरला आणि १९८३ मध्ये पनात्तानं रॅकेट ठेवली. इटलीच्या पुरुष खेळाडूला ग्रँड स्लॅमचं पुढचं एकेरी विजेतेपद मिळालं ते थेट जानेवारी २०२४ मध्ये, मेलबर्नला, यानिक सिनरच्या रूपानं.

(पुढच्या आठवड्यात : गियेर्मो विलास)