नोंदीची बांधणी आणि लिपीचे माप

ग्रंथालयीन नोंदींची यंत्राद्वारे होणारी देवाणघेवाण हा विषय प्रथमदर्शनी साहित्याभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटतो. परंतु अनुवादित कथासंग्रहांची सूची करीत असताना एका ग्रंथालयाकडून आलेली मराठी नोंद माझ्या पाहण्यात आली. तिच्यातील अनुक्रमणिका एका अक्षराच्या ऐन मध्यावर तुटली होती. पुढच्या कथा आणि त्यांचे अनुवादक शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने जणू नव्हतेच.

असे का व्हावे, हे कळण्यासाठी नोंदीची बांधणी पाहिली पाहिजे. ‘मार्क’ या नावाने ओळखली जाणारी ही बांधणी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट आव्रम यांच्या नेतृत्वाखाली १९६०नंतरच्या दशकात सिद्ध झाली. तिचा सांगाडा १९७३ मध्ये आय.एस.ओ. २७०९ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरला. आरंभी २४ स्थानांचा अग्रभाग, मग निर्देशिका आणि शेवटी प्रत्यक्ष मजकूर, असा हा क्रम आहे. निर्देशिकेत प्रत्येक घटकास बारा स्थाने मिळतात: तीन त्याच्या क्रमांकाची, चार लांबीची, पाच आरंभस्थानाची. शीर्षकाचा क्रमांक २४५. तेव्हा शीर्षक हवे असल्यास यंत्राने सारा मजकूर चाळण्याचे कारण नाही. निर्देशिका पाहून नेमक्या जागी जाता येते. ही योजना निःसंशय सुंदर आहे.

अडचण त्या चार स्थानांत आहे. लांबी दशमान आकड्यांत लिहिली जात असल्याने ती ९९९९च्या पुढे जात नाही. तेच चार बाइट द्विमान पद्धतीने वापरले असते, तर ४,२९,४९,६७,२९५पर्यंत मजल गेली असती. मानवी डोळ्यांना आकडे वाचता यावेत, या सोयीची ही किंमत होय. शिवाय युनिकोड नोंदीत मोजले जातात ते बाइट, अक्षरे नव्हेत. यूटीएफ-८ संकेतप्रणालीत साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. ‘स्त्री’ या एका अक्षरात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट! (१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात सहाच पुरत.) परिणामी इंग्रजी अनुक्रमणिकेस सुमारे दहा हजार चिन्हांची जागा मिळते, मराठीस जेमतेम ३,३००. यात कोणाचा दुजाभाव नव्हता. आखणी करणाऱ्यांसमोर देवनागरी नव्हती, इतकेच.

२०१३ मध्ये आलेल्या ‘पार्के’ या द्विमान रचनेत निर्देशिका फाइलच्या अखेरीस असते. लेखन पूर्ण झाल्यावरच ती लिहिली जाते, म्हणून लांबीचा अंदाज आधी बांधावा लागत नाही. एकजातीय माहिती तेथे एकत्र ठेवून आवळता येते. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला कायम एकच असतो आणि दुसराही दोन मूल्यांबाहेर जात नाही. त्यामुळे आपली लिपी उत्तम आवळली जाते. मार्कमधील लांबी मात्र न आवळलेल्या मजकुराची असते.

सुदैवाने अनुक्रमणिकेचा ५०५ हा घटक एका नोंदीत अनेकदा देता येतो. तुटलेली यादी मी मूळ पुस्तकावरून पूर्ण केली आणि तिचे दोन भाग करून त्या ग्रंथालयाकडे पाठविले.