घुमटाखालचे ब्रह्मांड

भिवंडीच्या दिव्यांच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही. ती पाहायची तर वरळीचे नेहरू तारांगण गाठावे. १९७७ साली सुरू झालेल्या या तारांगणात २००३ पासून डिजिटल प्रक्षेपक आहे. त्यामुळे ताऱ्यांच्या ठिपक्यांपलीकडे जाऊन तेजोमेघातून प्रवासही दाखवता येतो.

अशा खेळांत पडदा म्हणजे डोक्यावरचा अर्धगोल. त्याचा रंग मुद्दाम करडा ठेवतात. शुभ्र घुमटावर एका बाजूचा उजेड दुसरीकडे उसळून काळोख फिका पडतो. पडद्याला बारीक छिद्रे असली, तर मागच्या स्पीकरांचा आवाज त्यांतून आरपार येतो. चित्र नजरेच्या कडांपर्यंत पसरल्यामुळे खुर्ची स्थिर असूनही आपणच पुढे सरकतोय असे वाटते.

घुमट आणि संगीताची जोडी जुनी आहे. १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात हेन्री जेकब्स आणि जॉर्डन बेल्सन यांनी ‘व्होर्टेक्स’ हे ध्वनी-प्रकाशाचे प्रयोग सुरू केले. १९७३ मध्ये लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत ‘लेझेरियम’ हा संगीताच्या साथीने होणारा लेझर-प्रकाशाचा खेळ आला.

निर्वात अवकाशात आवाज पोचत नाही. त्यामुळे पडद्यावरच्या स्फोटाचा गडगडाट ही कलावंताची भर. काही संगीतकार मात्र दुर्बिणींच्या नोंदींनाच स्वरांत बसवतात. तिथे कानावर पडते ते मोजमापच असते.