‘डेन्ले’ या सहीमागचा माणूस

1933 साली जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू झाला, तेव्हा 1908 मध्ये बर्लिनला जन्मलेल्या आणि मातृकुल ज्यूवंशीय असलेल्या रुडॉल्फ फॉन लायडेन या तरुणाने, आपले बंधू जेथे नोकरीस होते त्या मुंबईची वाट धरली. परंतु भूशास्त्रातील डॉक्टरेटची सनद पदरी असूनही त्या शास्त्रावर येथे चरितार्थ चालण्याजोगा नव्हता, म्हणून रेखनकलेचा आश्रय करून त्यांनी जाहिरातचित्रांचा स्टुडिओ थाटला. पुढे ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या सेवेत दाखल झाले, ‘डेन्ले’ या टोपणनावाने व्यंगचित्रे काढू लागले आणि त्याच पत्रातून कलासमीक्षाही लिहू लागले.

त्या काळी वृत्तपत्रातील चित्र जस्ताच्या ब्लॉकवरून छापले जाई, आणि खरखरीत कागदावर नाजूक छटा फासटून जात. त्यामुळे जे सांगावयाचे ते ठळक, मोजक्या व निःसंदिग्ध रेषेतच सांगावे लागे. या कामाला हलके लेखण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र असे वाटते की, अनावश्यक रेषा तत्काळ ओळखणारी लायडेन यांची दृष्टी याच रोजच्या राबणुकीत तयार झाली असावी.

त्या दृष्टीचा लाभ कृष्णाजी हौळाजी आरा यांना झाला. आरा यांचा जन्म बोलारमचा. बोलारम आणि आपले जालना ही दोन्ही निजामाच्या मुलखातील, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्यांची व सिकंदराबाद-मनमाड या एकाच लोहमार्गावरची गावे. मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या आणि मोटारी धुणाऱ्या या माणसाच्या चित्रांत सामर्थ्य आहे, हे लायडेन यांनी ओळखले आणि त्यांना उत्तेजन दिले. 1947 साली आरा, सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तेव्हा त्यांची नवी चित्रभाषा वाचकांना उलगडून सांगणाऱ्यांत लायडेन अग्रभागी होते; ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर या दोन निर्वासितांचेही या तरुणांना मोठेच साहाय्य झाले.

उत्तरायुष्यात लायडेन गंजिफांच्या, म्हणजे खेळण्याच्या जुन्या पत्त्यांच्या, नादी लागले, आणि हा नाद मला त्यांच्या कार्यात सर्वाधिक मोलाचा वाटतो. दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने. मत्स्य, कूर्म, वराह यांची चिन्हे टिचभर वर्तुळात बोटे न अडखळता बसविणारा सावंतवाडीचा चितारी आणि वृत्तपत्राच्या कोपऱ्यात व्यंगचित्र बसविणारा डेन्ले हे एकाच व्यवसायाचे बंधू होत. लायडेन यांनी असे संच जमविले, त्यांचे वर्गीकरण केले आणि 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रदर्शनासाठी त्यांवर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

जालना, अंबड, भोकरदन या भागांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, दप्तरांच्या गाठोड्यांत, लाखेच्या रोगणाची अशी गोल पाने कुणास आढळली, तर ती अपुरी आहेत म्हणून टाकून न देता छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील इतिहास वस्तुसंग्रहालयास अवश्य दाखवावीत.