ताकद आधी येते, अंग नंतर भरतं

नव्वदीतल्या माणसाला जड वजनं उचलायला लावायची? १९९० मध्ये बोस्टनच्या डॉ. मारिया फिआटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केल्याचं प्रसिद्ध केलं. वृद्धांच्या देखभाल केंद्रात राहणारे दहा जण, वयं ८६ ते ९६, अंगानं खंगलेले. त्यांना हातपाय हलवण्याचे सौम्य प्रकार दिले नाहीत. पायानं जास्तीत जास्त जेवढा भार पेलेल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलं. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. ज्यांनी नेटानं पार पाडलं, त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट! दोघांची तर काठी सुटली.

आता पुढचा आकडा पाहा. त्यांच्या मांडीचा स्नायू आकारानं किती वाढला? नऊ टक्के. फक्त नऊ! मग बाकीची ताकद आली कुठून?

ते शोधायला मांडी सोडून पाठीच्या कण्यात डोकवावं लागतं. मज्जारज्जूतली स्नायू हलवणारी एकेक चेतापेशी त्या स्नायूतल्या तंतूंची एकेक तुकडी सांभाळते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशी तुकडी इवलीशी, दहा-पंधरा तंतूंची. म्हणून तर तुमची नजर आत्ता या ओळीवरून इतकी अचूक सरकते आहे. पोटरीत मात्र एका तुकडीत हजाराच्या वर तंतू असू शकतात. पेशीचा हुकूम सुटला की तुकडीतले सगळे तंतू एकदम आखडतात. अर्धामुर्धा कारभार नाही.

आणि या तुकड्या वाटेल तशा धावत येत नाहीत. एलवुड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्यांचा क्रम उलगडला: आधी लहान, चिवट, सहसा न थकणाऱ्या. मोठ्या, दांडग्या, पण लवकर दमणाऱ्या सगळ्यात शेवटी. चहाचा कप उचलताना मोठ्यांना कुणी उठवतच नाही. त्यांना उठवायचं तर भारच तेवढा हवा, किंवा दम निघेस्तोवर मेहनत हवी.

सराव नसलेल्या माणसानं सगळा जोर लावला, तरी आत काय चाललेलं असतं? रस्सीखेचीत मागचे काही गडी दोर नुसताच धरून उभे असावेत, आणि दोन-चार जण चक्क पलीकडच्या बाजूनं ओढत असावेत, तसं. कारण सांध्याच्या विरुद्ध बाजूचे स्नायूही तेव्हा आखडलेले असतात. सराव झाला की मागचे गडी दोराला भिडतात, हुकूम भराभर सुटतात, पलीकडची ओढ सैल पडते. नवा गडी एकही आला नाही, तरी दोर सरकला!

याहून चकित करणारी गोष्ट १८९४ मधली आहे. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत मूठ आवळण्याचा सराव एकाच हाताला दिला, आणि ताकद दुसऱ्या हाताचीही वाढली. त्या हातानं काहीच केलं नव्हतं! आज एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्याला व्यायाम दिला, तर बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते, असं आढळलं आहे. मला तर ताकदीच्या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

कोल्हापूरच्या तालमीत नव्यानं आलेला पोरगा पहाटे हौदा उकरतो, जोर-बैठका मारतो. महिनाभर आरशात काही फरक दिसत नाही, पण जोडीदाराच्या मनगटाला त्याची पकड कळायला लागलेली असते. वस्ताद तोच डाव पुन्हा पुन्हा का घटवून घेतात, तेही इथंच उमगतं. मज्जासंस्था जी हालचाल घोटाल तीच शिकते, नुसत्या बैठकांची ताकद आपोआप डावात उतरत नाही. आणि त्यासाठी आडदांड अंगच लागतं असंही नाही: गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ऑलिंपिक ब्राँझ जिंकलं, ते ५७ किलोंच्या गटात.

अंगही भरतं, पण सावकाश, आणि आपण मेहनत थांबवल्यावर! जड व्यायामानंतर स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचा वेग एक-दोन दिवस चढाच राहतो. खुराकातलं दूध, बदाम, अंडी त्या बांधकामाचा माल पुरवतात. गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक स्रवतं. पैलवान जेवून ताणून देतो, तेव्हा आत काम जोरात चालू असतं.

या कामावरचे कारागीर १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले: स्नायूतंतूंच्या कडेला चिकटून निपचित पडलेल्या चिमुकल्या पेशी. भार पडला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत विलीन होऊन आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात. शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींना एकच केंद्रक असतं. स्नायूतंतूला शेकडो असू शकतात. जितकी केंद्रकं जास्त, तितकी प्रथिनं बनवायची सोय मोठी.

व्यायाम सुटला, स्नायू आटला, की ही केंद्रकंही जातात का? ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये उंदरांत हे तपासलं. उंदराचं आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचं. त्यातले तीन महिने स्नायू पार रोडावलेला होता, आणि मेहनतीच्या काळात कमावलेली केंद्रकं तरीही जागच्या जागी होती.